सत्यभामाबाईंची एक कप कॉफी योजना

मार्च महिन्यातल्या एका रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, अमरावतीतील आपल्या राहत्या घरी, सत्यभामाबाईंनी एक कप कॉफी मागितली. मागणी तोंडी होती. आदल्या दिवशी चिखलदऱ्याला एका टपरीवर त्यांनी तिथल्याच बियांची कॉफी घेतली होती आणि येताना भाजलेल्या बियांची पिशवीही आणली होती. चहाशी त्यांचं काही भांडण नव्हतं. रोज सकाळी एक कप ही कॉफी मिळाली तर बरं, इतकंच त्यांचं म्हणणं होतं.

दुसऱ्या कोणाच्या घरात ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्यांचे यजमान गोवर्धनराव एका सरकारी कार्यालयाच्या भांडार शाखेत चौतीस वर्षं काढून नुकतेच निवृत्त झाले होते. खरेदीला काहीच न उरल्यामुळे माणूस दिवसेंदिवस वाळत चालला होता. मागणी कानावर पडताच त्यांच्या चेहऱ्यावर रया आली.

"अवो, मिक्सरमंदी फिरवते, पातेल्यात उकळते अन् गाळते," सत्यभामाबाई म्हणाल्या. "झालं."

"तांत्रिक मान्यता नसताना?" गोवर्धनराव म्हणाले. "मिक्सरच्या पात्यानं दळन एकसारखं पडत नाई. कॉफी कडू होते. मंग जबाबदार कोन?"

ज्या घरात हा प्रश्न कॉफीच्या आधी येतो, तिथे कॉफी उशिराच येते. संध्याकाळपर्यंत तीन सदस्यांची समिती बसली. अध्यक्ष गोवर्धनराव. तज्ज्ञ सदस्य शेजारचे रऊफभाई, कारण त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं. जल-सदस्य म्हणून अकोल्याचे देवानंद, गोवर्धनरावांचे जुने सहकारी. त्यांना एसटीत अर्धं तिकीट असल्यामुळे कुठल्याही बैठकीला ते हजर होऊ शकत. सत्यभामाबाईंची नोंद 'लाभार्थी' अशी झाली. चहा त्यांनीच ठेवला.

पहिले दोन महिने पद्धत ठरवण्यात गेले. पितळी फिल्टर, दांडा दाबायचं काचेचं भांडं आणि कागदी गाळणी लावलेला शंकू, ज्यात वरून बारीक धार सोडायची, असे तीन पर्याय होते. रऊफभाईंनी शंकूला मत दिलं. तो त्यांच्या दुकानात मिळत नव्हता, त्यामुळे त्यांच्यावर कोणाला बोट ठेवता आलं नसतं. समितीनं त्यांच्या निःस्पृहतेची इतिवृत्तात नोंद घेतली.

आता शंकू म्हटला की बारीक धार आली, धार म्हटली की लांब चोचीची किटली आली. किटलीला तापमापक लागला, पुडीला दशांश ग्रॅम दाखवणारा काटा लागला आणि बियांना दात्यांचं, हातानं फिरवायचं ग्राइंडर लागलं. ओटा भरला. पोळपाट कॉफीच्या कामात अडथळा आणतो असं आढळल्यावर तो दिवाणखान्यात हलवण्यात आला. सत्यभामाबाई आता टीव्हीसमोर बसून पोळ्या लाटू लागल्या.

मग चाचण्या सुरू झाल्या. पंधरा ग्रॅम पूड, अडीचशे ग्रॅम पाणी. पहिलं थोडं पाणी टाकून पूड अर्धा मिनिट फुलू द्यायची असते. समिती त्या अर्ध्या मिनिटाला दोनदा मुदतवाढ देई. घरभर असा वास सुटे की सत्यभामाबाईंचं लाटणं थांबे. एकदा न राहवून त्यांनी कपाला हात घातला.

"हात नोको लावू," गोवर्धनराव म्हणाले. "लाभार्थ्यानं चाचनीत भाग घेतला तं निकाल दूषित होते."

"अवो, मले फक्त चव पाहू द्या."

"तेच तं म्हनून राहिलो मी. चव पाहाचं काम समितीचं हाये."

चव पाहिली गेली. तीन कप, रोज. कॉफीत संत्र्याची झाक आहे यावर एकमत झालं; मात्र संत्रं हिवाळ्याच्या तोंडी येणाऱ्या आंबिया बहाराचं की उन्हाळ्याच्या तोंडी येणाऱ्या मृग बहाराचं, यावरून रऊफभाई आणि अध्यक्ष आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. तेवढ्यात देवानंद अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी दोन कॅनमधून घेऊन आले. पहिल्या घोटानंतर तिघांनीही कप खाली ठेवले.

"समुद्राची झाक येऊन राहिली," देवानंद म्हणाले. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता.

"भाई, इसमें नमक है," रऊफभाई म्हणाले.

इतिवृत्तात 'खनिजसंपन्न' असं लिहिण्यात आलं.

बिया संपत. त्या आणायला चिखलदऱ्याला चार अभ्यासदौरे झाले. गाडीत लाभार्थ्याची जागा किटलीला द्यावी लागली, कारण तिची चोच वाकण्याचा धोका होता.

ऑक्टोबरात योजनेचं लोकार्पण झालं. सत्यभामाबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं. भरलेला, वाफाळता कप त्यांच्या हातात देण्यात आला, फोटो निघाला आणि अध्यक्षांनी तो कप अंतिम मूल्यमापनासाठी परत घेतला. हातात कागद दिला. 'मला विहित दर्जाची एक कप कॉफी मिळाली असून मी पूर्ण समाधानी आहे.' सत्यभामाबाईंना संताप आला, अगदी पायापासून डोक्यापर्यंत. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. सहा-सात महिन्यांत माणूस चांगला भरला होता, गालांवर तकाकी आली होती. त्यांनी सही केली. योजना शंभर टक्के यशस्वी झाल्यामुळे समितीला लगेच थंड कॉफीचा दुसरा टप्पा मंजूर झाला.

ठराव लिहिला जात असताना सत्यभामाबाई मागच्या दारानं शेजारी गेल्या. रऊफभाईंच्या घरी नईमाभाभी चहाच्या पातेल्यात काहीतरी उकळत होत्या. वास ओळखीचा होता.

"हे रोज नमुन्याची पुडी आनतेत घरी," नईमाभाभी म्हणाल्या. "मी आपली उकळते, गाळते, पेते. बसा भाभी. तुमी तं रोजच पेत असान."

सत्यभामाबाईंनी सगळं सांगितलं. नईमाभाभींनी कपाळाला हात लावला आणि स्वतःचा कप त्यांच्यापुढे सरकवला. सत्यभामाबाईंनी डोळे मिटून घोट घेतला. कोणत्याही संत्र्याचा विचार न करता त्यांनी तो कप संपवला आणि दुसरा मागितला.

"पन मंग सही काहून केली तुमी?" नईमाभाभींनी विचारलं.

"नसती केली तं चौकशी समिती बसली असती," सत्यभामाबाई म्हणाल्या. "अन् तिलेही कॉफी लागली असती."

दोघी पोट धरून हसल्या.

तुम्हीही हसलात. पण परवा तुमचा फ्रिज दुरुस्त करायला आलेला माणूस, फ्रिज अजून गरमच असताना, पायात बूट चढवत "साहेब, तक्रार बंद करायची आहे, ओटीपी सांगा" असं म्हणाला, तेव्हा चष्मा शोधून तो ओटीपी त्याला कोणी वाचून दाखवला? आणि वर पाच तारे दिलेत, ते वेगळेच.