रेघ कोणी ओढली?

मेश्राम सरांना जेवायला बोलवायचं असेल तर टेबलावर पांढरी चादर घालू नये. मी एकदा घातली होती. लग्नात मिळालेली, जपून मस्कतला आणलेली. वरणभात संपायच्या आत तिच्यावर लोणच्याच्या तेलाने भूमध्य समुद्राचा किनारा उमटला होता, मिठाची एक वाकडीतिकडी सरहद्द पडली होती आणि माझ्या काकडीच्या कोशिंबिरीतून जॉर्डन नदी वाहत होती. "हे पाहा ताई," सर म्हणाले, "इकडे हे लोक, तिकडे ते लोक. भांडण सुटू शकते. फक्त रेघ टेबलावर बसून नाही ओढायची." हे ते माझ्या टेबलावर बसूनच सांगत होते.

मेश्राम मूळचे भंडाऱ्याचे, पेशाने सर्व्हेअर. मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागात आम्ही एकाच इमारतीत राहतो आणि एकाच कंपनीत काम करतो. ते सर्व्हे विभाग बघतात, मी त्या विभागाची कागदपत्रं सांभाळते. बायको नागपुरात त्यांच्या आईपाशी, एकुलती मुलगी ईशा टोरोंटोला. घरात ते एकटे, एक बुद्धमूर्ती आणि हॉलच्या कोपऱ्यात दोन ट्रायपॉड, कारण ऑफिसच्या स्टोअरवर त्यांचा विश्वास नाही. वैशाख पौर्णिमेला सगळ्या मजल्यांवर खीर वाटतात, तीही साखर किती घालू हे आदल्या दिवशी दारोदार विचारून.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न आहे: "रेघ कोणी ओढली?" कॅन्टीन दीडला बंद होईल अशी पाटी लागली, की हे मॅनेजरकडे. "रेघ कोणी ओढली? जेवणाऱ्यांना विचारलं का?" आमच्या यजमानांना डॉक्टरांनी गोड बंद केलं, तेव्हा भेटायला आले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "ही रेघ डॉक्टरांची आहे की ताईंची?" तेव्हापासून आमचे यजमान संध्याकाळी सरांकडे 'बुद्धिबळ' खेळायला जातात आणि मिशीला बेसन लावून परत येतात.

या प्रश्नाचं मूळ सहम या ओमानी गावात आहे. तिथे दोन खजुराच्या बागांच्या मधली हद्द आखायची होती. नकाशावर ऑफिसने सरळ रेघ ओढून दिली होती. मेश्रामांनी ती मानली नाही. दोन्ही बागांच्या म्हाताऱ्या मालकांना त्यांनी बरोबर घेतलं आणि भर उन्हात ती रेघ पायांनी चालायला लावली. दर थोड्या अंतरावर कपभर काहवा, म्हणजे अरबी कॉफी, खजूर आणि एक नवीन भांडण. अर्बाबचा, म्हणजे आमच्या मालकाचा, फोन आला, "खलास कर, मेश्राम!" हे म्हणाले, "इन्शाल्ला," आणि चालत राहिले. निम्म्यावर एक लिंबाचं झाड आलं. ते एकाच्या वडिलांनी लावलेलं आणि दुसऱ्याच्या आईने पाणी घालून वाढवलेलं. रेघ त्या झाडाला वळसा घालून गेली आणि झाड दोघांचं राहिलं. म्हातारे अजून ईदला सरांना लिंबं पाठवतात. वेगवेगळ्या पिशव्यांत, एकाच झाडाची.

आता अबू सलीमबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय मेश्राम अर्धे आहेत. अबू सलीम आमच्याकडे नकाशे काढतात. घराणं पॅलेस्टाईनचं, जन्म जॉर्डनमधला, नोकरी ओमानमध्ये. दुपारच्या जेवणाला हे दोघे समोरासमोर बसतात आणि सीमेच्या वाटाघाटी करतात. हमूसची, म्हणजे वाटलेल्या छोल्यांची, जमीन, पोळीच्या तुकड्यांचे डोंगर, ऑलिव्हची गावं. अबू सलीम स्वतःची बाजू मांडतात, ते साहजिकच आहे. इस्रायलची बाजू मेश्राम घेतात, कारण, त्यांच्याच शब्दांत, "कोणीतरी घेतली पाहिजे ना जी, नाहीतर बोलणी होणार कोणाशी?"

पंचाईत अशी, की मेश्रामांना घासाघीस जमत नाही. ते भराभर देऊन टाकतात. हा डोंगर घ्या, हे पाणी घ्या, हा रस्ता दोघांचा. मग अबू सलीमच वैतागतात. "अरे हबीबी, असं कोणी बोलणी करतं? तू नाही म्हण! टेबलावर हात आपट!" आणि इस्रायलने कसं अडून बसावं हे एक पॅलेस्टिनी माणूस एका भंडाऱ्याच्या माणसाला तळमळीने शिकवतो, हे दृश्य मी फाइल हातात धरून कितीदा पाहिलंय. एकच ऑलिव्ह मात्र अबू सलीम रोज ताटाच्या कडेला वेगळं ठेवतात. "हे आजोबांचं घर. यावर बोलणं नाही." मेश्राम त्या ऑलिव्हला कधी हात लावत नाहीत.

तिकडे युद्ध पेटलं तेव्हा हे सगळं थांबलं. बरेच महिने दोघे शेजारी बसून मुकाट जेवायचे. अबू सलीमचा फोन वाजला की मेश्राम खायचे थांबायचे. मग एके दिवशी अबू सलीमनीच हमूस ताटात पसरलं आणि म्हणाले, "यल्ला, मेश्राम. कोणीतरी बोलत राहिलं पाहिजे." मला त्या दिवशी काम सुचलं नाही.

त्याच सुमारास आमच्या मुलांच्या भारतीय शाळेत आग लागली. म्हणजे व्हॉट्सअॅप ग्रुपवर. माझी सानू तिथे सहावीत आहे आणि तिसरी भाषा म्हणून मराठी शिकते. शाळेला पालकांनी निवडलेली कमिटी आहे आणि अशा सगळ्या शाळांच्या डोक्यावर एक बोर्ड. बोर्डाकडून आलं, की ज्या भाषेला मुलं कमी, तो वर्ग पुढच्या वर्षी बंद. मराठी त्यात सापडली. कमिटीकडे गेलो तर म्हणाले, "वरून आलंय, आमच्या हातात नाही." बोर्डाकडे गेलो तर म्हणाले, "आम्ही फक्त धोरण सांगतो, अंमल शाळेचा." म्हणजे वर्ग बंद करणार सगळे आणि केला कोणीच नाही.

ग्रुपवर दोन तट पडले. एकाचं म्हणणं, आमच्या मुलांनी काय शिकावं हे लांब बसलेल्या बोर्डाने का ठरवावं? दुसऱ्याचं म्हणणं, सगळं कमिटीवर सोडलं तर ज्याचा आवाज मोठा त्याचीच भाषा राहील, आणि लांबच्या छोट्या शाळांकडे बघणार कोण? मला दोन्ही पटत होतं, आणि दोन्ही पटणाऱ्याला ग्रुपवर कोणी विचारत नाही. मला एवढंच दिसत होतं, की सानू चिपळूणला आजोळी गेली की भावंडांच्या घोळक्यात मुकी बसते, आणि हा वर्ग गेला तर ती कायमची मुकी होईल.

आमच्यातर्फे बोलायला मेश्राम उभे राहिले. कोणीतरी टोकलं, "सर, तुमची मुलगी केव्हाच शिकून गेली. तुम्हाला काय पडलंय?"

"माझं कोणी नाही म्हणूनच तर," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

बैठकीत त्यांनी आधी आपलं नेहमीचंच केलं. बोर्डाचे साहेब आणि कमिटीच्या अध्यक्षबाई यांना एसीतून उठवलं आणि मराठीच्या वर्गापर्यंत चालवत नेलं. तो वर्ग बसच्या पार्किंगपलीकडे, पार टोकाला. साहेबांचा शर्ट भिजला. आत मुलं अडखळत धडा वाचत होती. दोघांनी दारातून पाहिलं आणि साहेब म्हणाले, "इतक्या लांब का ठेवलाय हा वर्ग?" बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी बाईंकडे. इथवर उत्तम. मग बोलणी सुरू झाली आणि मेश्रामांनी, सवयीप्रमाणे, द्यायला सुरुवात केली. वेळापत्रकातला तास दिला. मार्क दिले. शिक्षकाची जागा दिली. मी टेबलाखालून पाय मारला, तो बहुतेक अध्यक्षबाईंना लागला.

शेवटी हातात राहिलं ते असं: आठवड्यातून एकदा, शाळा सुटल्यावर, तीच खोली, शिकवायला आमचंच माणूस. आणि एक अट, की हा वर्ग पुन्हा बंद करायचा झाला तर शाळा आणि बोर्डाने मिळून, पालकांना समोर बसवून ठरवायचं. एकट्याने कोणी नाही.

परतताना गाडीत मी फुटले. "सर, हा तह होता की दानधर्म? सगळं देऊन आलात!"

"अबू सलीम पण हेच म्हणतो," ते म्हणाले. "पण ताई, एक ऑलिव्ह ठेवलं मी. पाहिलं नाही का तुम्ही?"

मला राग आला होता. सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा ते खिडकीबाहेर बघत बोलायला लागले.

"ईशा याच शाळेत होती. पाचवीत भाषा निवडायची होती. मी निझव्याला साइटवर. तिच्या आईचा फोन आला, म्हणे पोरगी मराठी म्हणते, काय करू? मी म्हटलं, फ्रेंच. पुढे कामी येईल. उन्हात उभा होतो, घाईत होतो. एका मिनिटात ठरवलं. पोरीशी बोललोही नाही." सिग्नल हिरवा झाला. "आता माही माय व्हिडिओ कॉलवर विचारते, जेवली का वं बाई? ईशा म्हणते, येस आजी. मग दोघी नुसत्या एकमेकींकडे पाहतात. नव्वदीची म्हातारी, तिला किती सांगायचं असते. जगभराच्या रेघा कोणी ओढल्या विचारत फिरतो मी. ही मीच ओढली, ताई. चालून न पाहता."

माझा राग कुठे गेला कळलं नाही. घरापर्यंत मी गाडी फार हळू चालवली.

शिकवायला अर्थातच मेश्रामच लागले. पहिल्या दिवशी मी सानूला घ्यायला जरा लवकरच गेले आणि दाराशी उभी राहिले. सरांनी बाकं बाजूला सारून मुलांना जमिनीवर खडूने घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढायला लावला होता. ज्याने त्याने आपापल्या रेघेवरून चालायचं आणि वाटेत काय लागतं ते मराठीत सांगायचं. सानू चालता चालता म्हणाली, "इथे लुलू मार्केट... नाही, इथे मशीद आहे. इथे काका लोक चहा पितात."

एका बाकावर पाण्याच्या बाटलीला टेकून फोन उभा होता. मला वाटलं, सर चित्रीकरण करताहेत.

"आता ईशा," सर म्हणाले.

फोनमधून मोठ्या बाईचा, झोपेतून उठल्यासारखा आवाज आला. "मी... घरातून निघते. अजून... अंधार आहे. रस्त्यावर बर्फ आहे. मग एक... पूल." मग तिने विचारलं, "बाबा, ब्रिज म्हणजे पूलच ना?"

"पूलच!" सगळी मुलं एकदम ओरडली.

सर पाठमोरे झाले आणि कोरा फळा पुसू लागले. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "अहो, तिकडे पहाटेचे पाच वाजले असतील. कशाला उठवलंत पोरीला?"

"मी नाही उठवलं जी," ते फळ्याकडे बघतच म्हणाले. "वर्ग किती वाजता ठेवू, हे यावेळी मी तिला विचारलं होतं. ही वेळ तिनेच सांगितली."