एका मैफलीच्या दोन टेपा

व्हेरिटी हॅलमचा उजवा कान केव्हाच गेला होता. डावाही नाताळच्या आसपास जाईल, असं होबार्टच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. परतताना गाडीने पूल ओलांडल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "रसेल, मी लिहिलेलं ते व्हायोला आणि चेलोचं मला एकदा ऐकायचंय. नीट वाजलेलं."

रसेलने जन्मभर फेरीबोटींची इंजिनं सांभाळली होती. बायकोच्या संगीतातलं त्याला ओ की ठो कळत नसे. पण दोन तंतुवाद्यांची ही अकरा मिनिटांची रचना एकदाच, बावीस वर्षांपूर्वी लॉन्सेस्टनला, व्हायोलावर थेल्मा आणि चेलोवर डग्लस या नवराबायकोने वाजवली होती, एवढं त्याला ठाऊक होतं. पुढच्याच महिन्यात त्यांचा घटस्फोट झाला आणि रचनेला पुन्हा कुणी हात लावला नाही.

त्याने आधी डग्लसला फोन केला.

"टेप आहे की! अरे, त्या दिवशी चेलो असा लागला होता म्हणून सांगू!"

"आणि व्हायोला?"

"थेल्मा होती ना तिथे."

टेप आली. चेलो घुमत होता आणि मागे कुठेतरी डास गुणगुणावा तसा व्हायोला. डग्लसने रेकॉर्डर स्वतःच्या खुर्चीखाली ठेवला होता. मग रसेलने थेल्माला गाठलं. तिचाही रेकॉर्डर तिच्या खुर्चीखालीच होता.

"त्यात चेलो ऐकू येतो का गं?"

"येतो ना, लांबून. तो लांबूनच बरा."

तिचीही टेप आली आणि रसेल दोन दिवस विचारात होता. मैफल तीच, मिनिटं तीच, तिच्या टेपेत अर्धं आणि त्याच्या टेपेत अर्धं. दोन्ही टेपा एकदमच लावल्या तर? त्याने दोन जुनी यंत्रं मिळवून शेडमध्ये मांडली. तिसऱ्या मिनिटाला व्हायोला पुढे सटकला. फिरत्या रिळावर अंगठा हलकेच टेकवला की तो सावरायचा. मग चेलो सटकायचा. तीन आठवडे हा सराव चालला. अंगठ्याला फोड आला.

एका संध्याकाळी शेडच्या खिडकीतून त्याने पाहिलं, तर स्वयंपाकघरात किटली जीव तोडून शिट्टी मारत होती आणि तिच्या शेजारीच व्हेरिटी निवांत पेपर वाचत होती. आता थांबण्यात अर्थ नव्हता.

रविवारी दुपारी ती स्पीकरला कान लावून बसली, मांडीवर स्वरलिपीची वही. रसेलने फोडावर चिकटपट्टी लावली, दोन यंत्रांच्या मधे बसला आणि दोन्ही बटणं दाबली.

सहा मिनिटं झकास गेली. मग त्याने अंगठा टेकवला आणि चिकटपट्टी रिळाला चिकटली. व्हायोला कण्हत कण्हत थांबलाच. चेलो बिचारा एकटाच पुढे निघाला. रसेलने हिसडा मारून अंगठा सोडवला, चेलोला डाव्या हाताने दाबून धरलं आणि कसंबसं दोघांना शेवटच्या स्वरावर एकत्र आणलं.

त्याची मान वर होईना. इतक्या वर्षांत बायकोने एकच गोष्ट मागितली, आणि तिची त्याने माती केली.

व्हेरिटी वहीत बघत होती. "सातव्या पानावर काय केलंस रे?"

"पट्टी चिकटली गं. चुकलं माझं."

"तिथे काहीतरी खटकायचं मला. लिहिलं तेव्हापासून." तिने पेन्सिल शोधली. "ती दोघं तिथे बरोबरीने जायलाच नकोत. एकाने थांबायचं, दुसऱ्याने एकट्याने जाऊन बघायचं." आणि तिने दोन ओळी शांतपणे खोडून टाकल्या.

मग डावा कान पुन्हा स्पीकरला लावत म्हणाली, "हं. आता परत लाव. अगदी तस्संच हवं हं, जरासुद्धा बदल नको."

रसेलने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं, रिळाकडे पाहिलं आणि चिकटपट्ट्यांचा डबा शोधायला उठला.