चिचुंद्रीची चार भुयारं

माझ्या नजरेतून आजवर एकही गोष्ट सुटलेली माझ्या नजरेस आलेली नाही.

अडतीस वर्षं मी तिसरीचा वर्ग सांभाळला. बाकाखाली काय चाललंय, कोणाच्या वहीत कोणाचं उत्तर आहे आणि खिडक्या बंद असताना वर्गात वास कोणी सोडला, हे मी फळ्याकडे तोंड करून सांगत असे. शेवटच्या प्रकारात दोन-तीन निरपराध मुलं बाहेर उभी राहिली हे खरं आहे, पण न्यायदानात एवढं चालायचंच. निवृत्त झाल्यावर ही बुद्धी वाया जाऊ नये म्हणून मी गुप्तहेर झालो. मला कोणी नेमलं नाही. खरा गुप्तहेर नेमावा लागत नाही, तो असतो. आमची ही तेहतीस वर्षं पोस्टात काउंटरवर होती. ती माझी सहायक आहे. हे तिला अजून सांगितलेलं नाही.

प्रकरण घडलं ते ताईच्या निघायच्या दिवशी. ताई माझी थोरली लेक. मालवाहू जहाजावर स्वयंपाक करते आणि एकदा गेली की अकरा महिने दिसत नाही. संध्याकाळी पाचला तिची गाडी येणार होती. तिचा धाकटा भाऊ इस्पितळात नर्स आहे आणि तिकडेच खोली घेऊन राहतो. त्याला आम्ही बुटक्या म्हणतो. तो सहा फूट एक इंच आहे, पण नाव ठेवताना पुढचं कोणाला दिसतं?

लहानपणी या दोघांत मिळून हातात धरून खेळायचं एक यंत्र होतं. ते बादलीत पडून वारलं, पण आतली कॅसेट वाचली. या सुट्टीत ताईने ती कॅसेट कोपऱ्यावरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने भंगारातून तसल्याच यंत्राचं कवच शोधलं, आत नवा पडदा, नवी बॅटरी आणि नखाएवढं मेमरी कार्ड बसवलं, आणि कार्डात कॅसेटमधला खेळ व एम्युलेटर भरला.

एम्युलेटर म्हणजे काय हे आत्ताच नीट समजून घ्या, पुन्हा सांगणार नाही. म्हणजे सांगेन, पण तोंड वाकडं करून. एम्युलेटर म्हणजे सोंगाड्या. तो जुन्या यंत्राचं इतकं हुबेहूब सोंग घेतो की आपण दुसऱ्याच कोणाच्या घरात आलोय हे आतल्या खेळाला कळतच नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी आईच्या आवाजात शाळेत फोन करून स्वतःची सुट्टी मंजूर करून घ्यायची. ती एम्युलेटर, आणि मी खेळ. या सोंगाड्याची आणखी एक सोय असते. खेळ हवा तिथे थांबवून जसाच्या तसा जपून ठेवता येतो. त्याला म्हणायचं सेव्ह. सेव्हची यादी तारखेनुसार लागते, ताजा वर, शिळा खाली.

खेळ होता चिचुंद्रीचा. कंदील घेतलेली एक चिचुंद्री सोळा भुयारं ओलांडते आणि शेवटच्या भुयारात तिला घुबड भेटतं. लहानपणी दोघं अकराव्याच्या पुढे गेली नव्हती. यंदा त्यांनी करार केला होता. तीन दिवस यंत्र तुझ्याकडे, तीन दिवस माझ्याकडे. ताईने अकरावं पार करून यंत्र भावाला दिलं. त्याने बारा ते पंधरा करून आणायची, आणि सोळावं दोघांनी मिळून खेळायचं, ताई निघायच्या आत.

सकाळी अकराला बुटक्या आला. ताईने यंत्र सुरू केलं.

"हे काय?"

"काय काय?"

"अकरावंच आहे हे."

"कसं असेल? पंधरावं झालंय. वटवाघळांचा जिना, पाणचक्की, सगळं केलंय मी."

"मग कुठे आहे ते?"

"त्यातच आहे."

"त्यात नाहीये, बुटक्या. सगळ्यात वरचा सेव्ह माझा आहे. त्याच्याखाली माझा. त्याच्याखालीही माझा."

"मी केलंय, तायडे."

"तीन दिवस झोपा काढल्यास आणि आता थापा मारतोयस. वेळ नाही मिळाला म्हणून सरळ सांगावं ना."

"शेवटच्या उडीला बेचाळीस वेळा मेलोय मी."

"मग त्रेचाळिसाव्यांदा मर."

एकेका भुयाराला दोन तास लागतात. हातात होते सहा. भुयारं चार आणि वर घुबड. हा हिशेब ताईनेही केला असणार, कारण ती तडक आत गेली आणि बॅग भरायला लागली. ती चिडली की घड्या फार नीट घालते. त्या दिवशी ती मोज्यांच्याही कडा जुळवत होती. अकरा महिन्यांसाठी निघालेली लेक भावाला खोटारडा समजून जाणार, आणि तो दाराशी सहा फूट एक इंच मान खाली घालून उभा. अशा वेळी बाप काय करतो? बाप काही करू शकत नाही. म्हणून मी गुप्तहेराला बोलावलं.

मी जुना हजेरीपट आणि लाल पेन काढलं.

"अहो, ते ठेवा," ही म्हणाली. ती जेवणाच्या टेबलावर ताईच्या बॅगांना लावायच्या पत्त्याच्या चिठ्ठ्या लिहीत होती.

"तपास सुरू झाला आहे," मी म्हणालो.

"मग बाहेर जाऊन करा. टेबल हलतंय."

पहिला संशयित बुटक्या. खोटं बोलणाऱ्या मुलाचे कान लाल होतात, हा माझा अडतीस वर्षांचा सिद्धांत. मी त्याला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं, कारण उभ्याने त्याचे कान मला पुरत नाहीत. दोन्ही कान लालभडक होते. मी हजेरीपटात लिहिलं, गुन्हा सिद्ध.

"बाबा, तीन दिवस बारा-बारा तास मास्क लावून होतो. दोरीने सोलवटलेत ते."

"सगळे गुन्हेगार असंच म्हणतात."

"सगळे नर्स म्हणतात."

मी 'सिद्ध' खोडून 'जवळजवळ' लिहिलं आणि दुसऱ्या संशयिताकडे निघालो.

दुरुस्तीवाला एका डोळ्याला भिंग लावून कोणाच्या तरी फोनच्या पोटात चिमटा घालत होता. मान वर न करताच म्हणाला, "काका, फोन पुन्हा बंद पडला? बाजूचं बटण दाबून धरा."

"मी आज वेगळ्या कामासाठी आलोय. तू आमच्या यंत्रात बसवलेला एम्युलेटर सोंगाड्या आहे, हे तुला मान्य आहे?"

"आहे की."

"कबुली," मी लिहून घेतलं. "जो एकाला फसवतो तो सगळ्यांना फसवतो. तुझ्या सोंगाड्याने आमची चार भुयारं गिळली आहेत."

त्याने भिंग काढलं. "काका, तो फसवतो खेळाला. तुम्हाला फसवून त्याला काय मिळणार?"

"तेच मी विचारतोय."

"केलेला सेव्ह कार्डावरच असतो, कुठे पळून जात नाही. यादी तळापर्यंत बघितली का?"

"ताजं वर असतं. तळाला शिळं. शिळ्यात ताजं शोधायला मी काय—"

"बघा तरी. आणि जरा सरकता का, मागे लोक उभे आहेत."

मागे खरोखरच सहा जण होते. त्यातल्या दोघांना मी तिसरीत शिकवलं होतं. ते हसत नव्हते, पण कसे हसत नव्हते ते मला कळत होतं.

घरी येऊन मी यादी उतरत गेलो. त्रेसष्ट सेव्ह होते. तळाशी पोहोचलो आणि लाल पेन उघडलं. शेवटच्या तीन ओळींवर तारखा होत्या तीन जानेवारी, दोन जानेवारी आणि एक जानेवारी. साल एकोणीसशे सत्तर.

एकोणीसशे सत्तरमध्ये हे यंत्र नव्हतं. चिचुंद्री नव्हती. ताई आणि बुटक्या तर नव्हतेच. तेव्हा जो कोणी खेळला तो १९७० साली हयात असला पाहिजे. घरात अशा दोनच व्यक्ती होत्या. मी जेवणाच्या टेबलापाशी गेलो आणि घसा साफ केला. दोन्ही मुलं वेगवेगळ्या दारांतून बघायला आली. निदान एका गोष्टीत त्यांचं एकमत होतं.

"एक जानेवारी एकोणीसशे सत्तर," मी हिला म्हणालो. "रात्री बारा वाजून चाळीस मिनिटं. कुठे होतीस?"

"पाचवीत."

"रात्री?"

"रात्री पाचवीतली मुलं झोपतात."

"साक्षीदार?"

"आजी होती, ती वारली. तुम्ही कुठे होतात?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. नियम तो नियम, म्हणून मी तिच्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं आणि विचार केला. मी आठवीत होतो. त्या रात्रीचं काही म्हणजे काही आठवेना. आणि आठवत नाही म्हणणाऱ्यांविषयी माझं मत कधीच चांगलं नव्हतं.

"आणा इकडे," ही म्हणाली. तिने चष्मा कपाळावर चढवला आणि यंत्र नाकाशी धरलं. पोस्टात ती पुसट पत्ते असेच वाचायची. "एक, दोन, तीन. लागोपाठ. बुटक्या, तुझ्याकडे किती दिवस होतं हे?"

"तीन. मध्ये एकदाही बंद केलं नाही, खेळ तसाच उघडा ठेवत होतो. आज निघताना केलं."

"पहिल्या दिवशी कधी खेळलास?"

"हातात आलं तसं लगेच. दुपारी."

"हं," ती म्हणाली आणि चष्मा खाली घेतला. "शिक्का फिरवलेला नाही."

आम्ही तिघं तिच्याकडे बघत राहिलो.

"अरे, तारखेचा शिक्का. सकाळी काउंटर उघडला की पहिलं काम काय, तर शिक्क्यातली तारीख पुढे फिरवायची. एकदा आमच्याकडचा नवा माणूस विसरला. दुपारपर्यंतचं सगळं टपाल कालच्या तारखेचं. पत्रं आजची, शिक्का कालचा. तसंच झालंय हे. यंत्राचं घड्याळ बंद पडून पार मुळाशी गेलंय, जिथून त्याची मोजणी सुरू होते त्या पहिल्या तारखेला. याने खेळलंय गेल्या तीन दिवसांत, शिक्का बसलाय सत्तर सालचा. आणि यादीला वाटतंय, हे फार जुनं, घाला तळाला. उघड बघू तो तीन तारखेचा."

ताईने उघडला. चिचुंद्री पंधराव्या भुयाराच्या बाहेर, पाणचक्कीच्या पलीकडे कंदील हलवत उभी होती.

ताईने यंत्र मांडीवर ठेवलं. मग ताई म्हणाली, "बेचाळीस वेळा?"

"बेचाळीस."

"मूर्ख आहेस. डावीकडच्या फळीवरून सोपं होतं." आणि मग, त्याच्याकडे न बघता, "चुकले मी."

इथे प्रकरण संपायला हरकत नव्हती. पण आमच्या हिला अर्धवट पत्ता चालत नाही. "घड्याळ मुळात बंद पडलं कशाने?" ती म्हणाली. "भिंतीवरचं पडतं तसं असणार. सेल संपूर्ण संपला की."

"मी नाही संपू देत," ताई म्हणाली. "वीस टक्के आले की चार्जिंगला लावते."

"मीही," बुटक्या म्हणाला.

तिघांनी हळूहळू माझ्याकडे माना वळवल्या. माझे कान गरम झाल्याचं मला जाणवलं.

त्याचं असं आहे की यंत्र बुटक्याकडे जायच्या दिवशी सकाळी मी ते थोडा वेळ वापरलं होतं. त्या कार्डात वरून विटा पडतात असाही एक खेळ आहे, आणि विटा नीट रचणं हा शिस्तीचा भाग असल्याने मला त्यात शैक्षणिक रस वाटला. घरात शांतपणे अभ्यास करता येईल अशी एकच जागा आहे, तिला आतून कडी आहे. विटा फार छान लागत होत्या. मग पडदा काळा झाला. मी बाहेर येऊन यंत्र निमूट चार्जिंगला लावलं. तपासाच्या दृष्टीने ही बाब मला महत्त्वाची वाटली नव्हती.

"दीड तास आत होतात," ही म्हणाली. "मला वाटलं पोट बिघडलं. डॉक्टरांचा नंबर काढून बसले होते मी."

"पायांना मुंग्या आल्या होत्या," मी म्हणालो. "ते खोटं नव्हतं."

मी हजेरीपटात स्वतःच्या नावापुढे लाल खूण केली. गुन्हेगार सापडल्याचं समाधान मोठं असतं, पण ते सहसा दुसऱ्या कोणाच्या बाबतीत.

साडेतीन वाजले होते. ताईच्या अंगठ्याखाली दिशा, बुटक्याच्या अंगठ्याखाली उडी, मध्ये यंत्र, अशी दोघं सोफ्यावर खांद्याला खांदा लावून बसली. घुबडाने त्यांना पहिल्या मिनिटात खाल्लं. मग पुन्हा. त्यांनी घुबडाच्या दारात एक सेव्ह केला आणि तिथूनच परत परत मरू लागली.

"आधी उडी कशाला मारलीस?"

"तू वळलीस म्हणून."

"मी वळलेच नाही, तुझं कोपर लागलं."

घुबडाला उजेडाची भीती असावी, असा एक सिद्धांत मी मांडला. दुसरा, ते मुळात घुबड नसून वेषांतर केलेलं वटवाघूळ असावं. हिने मला बॅगांना चिठ्ठ्या बांधायला बसवलं.

पाचला दहा कमी असताना घुबड पडलं. कसं, ते दोघांनाही सांगता आलं नाही. चिचुंद्रीने कंदील जमिनीवर ठेवला, फुंकर मारून विझवला, आणि झोपली.

"एवढंच?" ताई म्हणाली.

"एवढंच."

आणि दोघं इतकी हसली की यंत्र सोफ्याच्या फटीत गेलं. बाहेर काढलं तर पडद्यावर पुन्हा पहिलं भुयार होतं, आणि या वेळी दारातच दोन घुबडं. खाली गाडीचा हॉर्न वाजला.

"हे तुझ्याकडे ठेव," ताई बूट घालता घालता म्हणाली. "माझ्या फोनमध्येही बसतो म्हणे हा सोंगाड्या. पहिलं भुयार तुझं, दुसरं मी बोटीवर करते."

"झालं की सेव्ह पाठवतो. पुरावा म्हणून."

ताईने नाडी ओढली, गाठ मारली आणि उठली. "पुढचं खेळायला पाठव. पुराव्याला नको. झालं म्हणालास की झालं."

बुटक्या पुढे झाला. त्याने दोन्ही बॅगा एकदम उचलल्या, ज्या एकेका हाताने कोणाला उचलत नाहीत.

साक्षीदार लागलाच तर मी आहे, असं मी म्हणालो.

"नको," दोघं एका सुरात म्हणाली आणि जिना उतरू लागली.