गुरुवारचा च्या

ट्रेसी पेनफोल्डचा अमेरिकेवरचा राग किटलीपासून सुरू झाला आणि मग थांबायचं नावच घेईना. इंग्लंडमधली तिची किटली बटण दाबून कपबशा काढेपर्यंत उकळायची. ओहायोत विकत घेतलेली किटली आधी बराच वेळ नुसती बसून राहायची, मग कुरकुरायची, आणि आपण पाणी ठेवलं होतं हे ट्रेसी पार विसरून गेली की मग उकळायची.

"इथल्या विजेत दमच नाही," ट्रेसी म्हणाली.

"व्होल्टेज कमी असतं इथं," जाइल्स वर्तमानपत्रातून म्हणाला. तो विम्याच्या कंपनीत होता आणि त्याच्याच नोकरीपायी हे सगळं बिऱ्हाड कोलंबसजवळच्या या उपनगरात येऊन पडलं होतं.

"तेच म्हणतेय मी. एवढा अवाढव्य देश, आणि एक भांडं पाणी उकळवत नाही!"

किटलीवरून राग पावावर गेला, कारण पाव गोड होता. पावावरून रस्त्यावर गेला, कारण रस्त्याला पदपथच नव्हता. शाळेतून मुलीला आणायला ती एकदा चालत निघाली, तर येणारी प्रत्येक गाडी थांबून विचारायची, "ताई, गाडी बंद पडली का?" आणि दुकानातले लोक! "कशा आहात?" असं तोंडभर हसून विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता निघून जायचे. ट्रेसी उत्तर इंग्लंडातल्या बार्न्सलीची, कामगारांच्या गावची. तिच्या गावात कुणी कसं आहे हे विचारलं, तर गुडघेदुखीपासून सगळं ऐकून घ्यायची तयारी ठेवून विचारायचं असतं.

पण हे सगळं तिनं गिळलं असतं. एक गोष्ट मात्र तिच्या घशाखाली उतरत नव्हती. आठ वर्षांची नेल शाळेत डबा एकटी खायची. नेलनं हे घरी सांगितलं नव्हतं, बाईंनी सांगितलं. त्या दिवशी ट्रेसीनं मोरीत जाऊन नळ सोडला आणि यथेच्छ रडून घेतलं. अख्ख्या वर्गाला माझी पोर दिसत नाही म्हणजे काय? डोळे आहेत का बटणं?

त्यामुळे ऑक्टोबरात नेल जेव्हा "मॅकेना माझ्याशेजारी बसते" असं म्हणाली, तेव्हा ट्रेसीनं एक दिवसही दवडला नाही. शाळा सुटताना तिनं मॅकेनाच्या आईला, डार्लीनला, गाडीच्या खिडकीतच गाठलं.

"गुरुवारी मॅकेनाला आमच्याकडे चहाला पाठवाल का?"

डार्लीननं छातीवर हात ठेवला. "चहाला? अगं, खरंच? खरा चहा? इंग्लिश?"

पहिल्याच भेटीत ही बाई 'अगं'वर आली, याचाही ट्रेसीला राग आला. पण नेलसाठी तिनं तो बाजूला ठेवला. "आम्ही इंग्लिशच आहोत, तेव्हा चहा दुसरा कुठला असणार?"

"मग मी पण येऊ? माझ्या मैत्रिणी तर वेड्या होतील ऐकून! आणि काही खास घालून यायचं असतं का?"

"घालून यायचं म्हणजे?" ट्रेसी गोंधळली. "कपडे घालून या, म्हणजे झालं."

डार्लीन खो खो हसली. ट्रेसी मात्र विनोद करत नव्हती.

आता, बार्न्सलीत चहा म्हणजे पोरांचं संध्याकाळचं जेवण. माशाचे तळलेले तुकडे, टोस्ट, टोस्टवर बीन्स, बरोबर घोटभर चहा असला तर असला. बार्न्सलीत त्याला 'च्या' म्हणतात, आणि च्याला बोलावलं की पोटभर वाढतात. या एका शब्दानं ट्रेसीला आधीच एकदा पोळलं होतं. लग्नाआधी ती जाइल्सच्या, लंडनजवळच्या सरे परगण्यातल्या श्रीमंती घरी पहिल्यांदा गेली, तेव्हा रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर पडलेले चेहरे बघून ती मोकळेपणानं म्हणाली होती, "च्या लई झकास झालाय हां!" टेबलाच्या त्या टोकाला तिच्या होणाऱ्या सासूबाई, फिलिपा, काट्यावरचा वाटाणाही न हलवता म्हणाल्या होत्या, "याला डिनर म्हणतात, बाळ."

बारा वर्षं झाली, तो वाटाणा ट्रेसी विसरली नव्हती. सासूबाई आणि आपण यांच्यात एक समुद्र आला, हा एवढा एकच फायदा तिला अमेरिकेत दिसत होता.

गुरुवारी संध्याकाळी ओव्हनमध्ये फिश फिंगर होते, गॅसवर बीन्स रटरटत होते, आणि ट्रेसी ॲप्रन बांधून, जाइल्सचे जुने मोजे घालून टोस्टची तयारी करत होती. घंटी वाजली. तिनं दार उघडलं.

दारात शहामृग उभा आहे असं तिला क्षणभर वाटलं. ती डार्लीन होती. डोक्यावर पिसांची हॅट, हातांत कोपरापर्यंत पांढरे हातमोजे. मागे तशाच नटलेल्या दोन मैत्रिणी. त्यांच्या मागे शेजारच्या म्हाताऱ्या मिसेस स्टट्झमन, काळी जाळीची हॅट घालून. ती त्यांनी नवऱ्याच्या दफनाला घेतली होती आणि त्यानंतर आजच कपाटातून बाहेर काढली होती. आणि सगळ्यांच्या पुढे, लेसचे मोजे घालून, लग्नातल्या बाहुलीसारखी मॅकेना.

"आम्ही लवकर तर नाही ना आलो?" डार्लीननं गुडघे किंचित वाकवून नमस्कार केला. ट्रेसीला! बसचे मेकॅनिक असलेल्या ॲल्बर्ट हेपवर्थच्या मुलीला!

"अहो, हे काय..." ट्रेसीनं तोंड उघडलं. खरं काय ते सांगून मोकळं व्हायचं, हा तिचा स्वभाव. पण ॲप्रनला मागून कुणीतरी हिसका दिला. नेल होती. तिनं आईला ओढत कोठीघरात नेलं आणि दार लावलं.

"आई, सांगू नकोस ना."

"काय सांगू नको?"

नेल डब्यांकडे बघत म्हणाली, "मी मॅकेनाला सांगितलंय की आपल्याकडे रोज असा चहा असतो. हॅट घालून. चांदीच्या ताटल्या आणि काकडीचे सँडविच. आणि तू... लेडी आहेस. सरदार घराण्यातली."

"मी लेडी? आणि तू असं थापा मारत सुटलीस? कशापायी?"

"सगळे विचारायचे, तू बोलतेस कशी गं असं? मग हसायचे. मग मी म्हटलं, लेडी लोकांच्या घरात असंच बोलतात. तेव्हा मॅकेना माझ्याजवळ येऊन बसली." नेलचा आवाज बारीक झाला. "आई, ती डब्याला माझ्याशेजारी बसते गं."

ट्रेसीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं बोलल्याचा राग, हसणाऱ्या पोरांचा राग, हॅटांचा राग, सगळा एकदम. आणि या सगळ्याच्या खाली, डबा उघडून एकटी बसलेली नेल. तिनं ॲप्रन सोडला, मोजे काढून पिठाच्या डब्यामागे लपवले आणि घसा साफ केला.

"चांदी नाहीये आपल्याकडे," ती म्हणाली. "पण आवाज आहे."

बाहेर येताना तिनं ओव्हनचं दार घट्ट लावलं, बीन्सवर झाकण टाकलं आणि दिवाणखान्यात शिरली, ती फिलिपा पेनफोल्ड होऊनच. बारा वर्षं ज्या आवाजानं डोकं उठवलं होतं, तो तिला तोंडपाठ होता.

"क्षमा करा हं. आपण सगळ्यांनी येऊन आमच्यावर फार उपकार केलेत. स्थानापन्न व्हावं."

मैत्रिणींनी एकमेकींची कोपरं दाबली. "ऐकलंस? ऐकलंस?"

किटली लावली होती, आणि किटली अर्थातच बसून राहिली होती. डार्लीननं दोनदा स्वयंपाकघराकडे पाहिलं. "मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं असतं तर पटकन झालं असतं ना?"

"आमच्याकडे," ट्रेसी नाक किंचित वर करून म्हणाली, "पाणी घाई करत नाही."

हे वाक्य डार्लीनच्या एका मैत्रिणीनं चक्क फोनमध्ये टिपून घेतलं.

तेवढ्यात पुढचं दार उघडलं आणि जाइल्स ऑफिसातून आला. दिवाणखान्यातून येणारा आवाज त्याच्या कानावर पडला मात्र, बॅग तशीच हातात धरून तो जागीच थिजला. "आई?" तो बारीक आवाजात म्हणाला. "तू कधी आलीस?"

ट्रेसी उठून त्याला दंडाला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली. "तुझी आई नाही, मी आहे. प्रश्न विचारू नको. ती अर्धी काकडी घे, पातळ काप, पावाच्या कडा काढ."

"पण का?"

"पोरीच्या डब्यासाठी!"

जाइल्सला काही कळलं नाही, पण काकडी कशी कापायची हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. अर्ध्या काकडीतून त्यानं एवढे सँडविच काढले की कापांतून पलीकडचं दिसत होतं. ते फिरले. प्रत्येकीनं करंगळी बाहेर काढून एकेक घेतला, आणि तो जिभेवर पोचायच्या आतच संपला. मिसेस स्टट्झमननी ताटली पुन्हा येते का ते पाहिलं. ताटली आली नाही. दूध आधी की चहा आधी यावर ट्रेसीनं सासूबाईंचं मत ऐकवलं. हवामानावर ऐकवलं. हे सगळं आपण कुठं साठवून ठेवलं होतं, याचं तिला स्वतःलाच नवल वाटत होतं. मॅकेना तोंडाचा आ करून बघत होती आणि नेल अभिमानानं लाल झाली होती. जमतंय, ट्रेसीला वाटलं.

आणि छताला लावलेला धुराचा भोंगा बोंबलायला लागला.

असा भोंगा की काळजाचं पाणी व्हावं. "बाहेर! सगळ्या बाहेर!" डार्लीन ओरडली. बाया हॅटा सावरत अंगणात धावल्या. स्वयंपाकघरात धुराचे लोट. जाइल्स खुर्चीवर चढून वर्तमानपत्रानं भोंग्याला वारा घालू लागला. ट्रेसीनं ओव्हन उघडून ट्रे बाहेर ओढला. फिश फिंगरांचा पार कोळसा झाला होता. एकदाचा भोंगा गप्प झाला.

डार्लीन मदतीला म्हणून आत आली होती. दारात बाकीच्या बायांचे चेहरे, त्यांच्यामध्ये मॅकेना आणि नेल. डार्लीननं ट्रेकडे वाकून पाहिलं आणि अगदी काळजीनं विचारलं, "अरेरे. कुत्र्यासाठी केलं होतं का हे?"

तिथं फिलिपा संपली.

"कुत्र्यासाठी? कुत्र्यासाठी?" ट्रेसीनं ट्रे आदळला. "पोरांचा च्या हाय त्यो! च्या! तुमच्या पोरीला प्वाटभर घालावं म्हून दुपारधरनं खपतिया मी! काकड्या कसल्या चघळताय? आमच्यात च्याला बोलावलं की जेवाय घालत्यात! आन् म्या कसली लेडी न् फिडी, माझा बा बसगाड्या दुरुस्त करायचा, आन् त्येची मला लाज न्हाय! समजलं?"

जाइल्स खुर्चीवरच उभा होता. ट्रेसीची नजर नेलकडे गेली आणि सगळा राग एकदम ओसरला. नेलचा चेहरा पांढरा पडला होता. गेलं, ट्रेसीच्या मनात आलं. माझ्या तोंडापायी गेलं सगळं. उद्यापासून पोर परत एकटी.

मिसेस स्टट्झमन दारातून पुढे आल्या आणि त्यांनी गॅसवरच्या भांड्याचं झाकण उचललं. "हे बीन्स जळलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "मला चमचा कुठं मिळेल?"

डार्लीननं शहामृग डोक्यावरून उतरवला आणि दोन्ही हातांनी डोकं खाजवलं. "देवा! दुपारपासून जीव खातोय हा. अगं बाई, मी शेतावर वाढलेय. आमची आई आम्हा पाच जणांना बीन्सवरच जगवायची. तुझ्याकडे यायचं म्हणून दोन रात्री झोप नाही मला, करंगळी कुठं ठेवायची याच्या धास्तीनं! टोस्ट आहे का?"

टोस्ट होता. पाव गोड होता, पण त्या दिवशी कुणी तक्रार केली नाही. स्वयंपाकघरातच उभ्या उभ्या सगळ्यांनी बीन्स चाटून पुसून संपवले. हॅटा फ्रिजवर रचून ठेवल्या होत्या.

ओट्याखाली बसून दोघी मुली खात होत्या. ट्रेसीचे कान तिकडेच होते.

"म्हणजे तुझी आई लेडी नाहीये?" मॅकेना विचारत होती.

"नाही," नेल पुटपुटली. "आजी आहे. थोडीशी."

मॅकेनानं बीन्सचा घास चावत विचार केला. "पण ती ओरडली ते काय भारी होतं! पुन्हा ओरडायला सांग ना. मला शिकवशील ते? उद्या डबा खाताना शिकव. सगळ्यांना शिकव."

ट्रेसीनं पाठ फिरवली आणि उगाचच नळ सोडला.

सगळ्या गेल्यावर घर जळक्या माशाच्या वासानं भरलेलं होतं आणि ट्रेसीला ते पहिल्यांदाच आपलं वाटलं. जाइल्सनं पुन्हा किटली लावली. नेल टेबलाशी पाय हलवत बसली होती.

"मॅकेनाच्या आईनं पुढच्या गुरुवारी आपल्याला बोलावलंय," ती म्हणाली.

"बरं केलं," ट्रेसी खुशीत म्हणाली. "च्याला ना?"

नेलनं पाय हलवायचे थांबवले. तिनं आईकडे मायेनं, समजूत घालावी तसं पाहिलं आणि अस्सल ओहायोवाल्यांसारखं नाकातून म्हणाली, "मॉम, याला डिनर म्हणतात."

किटली कुरकुरत होती. ट्रेसीची पाठ ताठ झाली, मान वर गेली, नाक किंचित उंचावलं.

"मॉम नाही," ती म्हणाली. "याला आई म्हणतात, बाळ."

जाइल्सनं दचकून दाराकडे पाहिलं.