सुधारणेस वाव नसलेली दीपिका

राणीसावरगावच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या धम्मानंद सरांकडे क्रीडा विभागाचा अतिरिक्त कार्यभार होता. जुने क्रीडाशिक्षक निवृत्त झाले तेव्हा त्यांची शिट्टी सरांच्या गळ्यात पडली आणि क्रीडासाहित्याच्या कपाटाची किल्लीही मिळाली. कपाट मात्र मिळालं नाही. सरांनी किल्ली जपून ठेवली, कारण तपासणीत ती दाखवावी लागते.

जानेवारीत परभणीच्या एका महाविद्यालयाचं पत्र आलं. विद्यापीठानं यंदापासून मुलींसाठी अमेरिकन फुटबॉल सुरू केला होता. हा खेळ इथं कुणी खेळत नसल्यामुळे संघ कमी, संघ कमी म्हणून पदक सोपं, आणि पदकाला महाविद्यालयाच्या मूल्यांकनात भरघोस गुण, असा त्यामागचा दूरगामी विचार होता. दोन्ही टोकांना निमुळता, सोललेल्या नारळासारखा चेंडू असतो. एकीनं तो लांब फेकायचा, दुसरीनं पळत जाऊन झेलायचा. या दुसरीला इंग्रजीत रिसीव्हर म्हणतात. पत्रात तिचं अधिकृत मराठी नाव दिलं होतं, ‘प्रापक’. बारावीत शिकणाऱ्या होतकरू प्रापकांची शिफारस करावी, निवड झालेल्यांना प्रवेश आणि वसतिगृह मिळेल, असं खाली लिहिलं होतं.

सरांना दीपिका आठवली.

दीपिका रामहरी आणि बानूबाईची मुलगी. घरी शंभरेक मेंढरं. पावसाळ्यात ओढा भरला की रामहरी अलीकडून एकेक कोकरू उचलून फेकायचा आणि दीपिका पलीकडं ते झेलायची. हवेत हातपाय झाडणारं, ओलं, घाबरलेलं कोकरू. सरांनी एकदा सायकल थांबवून हे पाहिलं होतं. अठ्ठावीस कोकरं आली आणि अठ्ठावीस छातीशी घेतली गेली. वस्तीवरून बारावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी. पुढं प्रवेश मिळाला नाही, तर दिवाळीनंतर तिनं कळपामागं चालायचं, हे ठरलेलं होतं.

“आवं सर, तिच्या हातातनं काईच सुटत न्हाई,” बानूबाई म्हणाल्या. “पर तेवढ्यावर कालिजात घेतेत व्हय?”

“त्याच्यावरच घेतेत,” सर म्हणाले. त्यांचा तसा प्रामाणिक समज होता.

चाचणीच्या दिवशी सर दीपिकाला घेऊन एसटीनं परभणीला गेले. क्रीडा संचालक प्रा. योगीराज टेबलावर नऊ पानांचा मूल्यमापन तक्ता पसरून बसले होते. बाजूला नवाकोरा चेंडू सीलबंद खोक्यात होता.

“चेंडू काढता येणार नाही,” ते म्हणाले. “अध्यक्षांच्या हस्ते उद्घाटन व्हायचंय.”

उद्घाटनासाठी आणलेले नारळ मात्र मोकळे होते. शिपायानं ते मैदानाच्या एका टोकाकडून फेकले. दीपिकानं अकरा नारळ झेलले. शेवटचा वाऱ्यानं वळला आणि सूचनाफलकामागं गेला. तिनं फलकाला वळसा घालून तो एका हातात घेतला आणि शेंडी न मोडता परत आणून दिला. शिपायानं टाळ्या वाजवल्या. प्रा. योगीराज तेव्हा तिच्या तळहाताची लांबी दशांशात लिहीत होते.

“उंची झाली, वजन झालं, हात झाले,” ते म्हणाले. “आता सर्वांत महत्त्वाचा रकाना. सुधारणेस वाव. चाळीस गुण. सुटलेले झेल किती?”

“एकबी न्हाई, सर,” दीपिका म्हणाली.

“तसं चालत नाही. संगणक शून्य घेत नाही.”

“पण सुटलंच न्हाई तर काय लिहायचं?” धम्मानंद सरांनी विचारलं.

प्रा. योगीराजांनी पेन खाली ठेवलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. समजावून सांगण्याची त्यांना आवड होती. “सर, आमचं महाविद्यालय खेळाडू घडवतं. तसं माहितीपत्रकात छापलंय. ही तर घडूनच आली. उद्या मूल्यांकन समितीनं विचारलं, तुम्ही हिच्यात काय सुधारलं, तर मी काय दाखवू? आठ दिवसांनी आणा. दहातले चार तरी सुटले पाहिजेत.”

परतीच्या गाडीत सरांनी गंगाखेडपर्यंत विचार केला. मग म्हणाले, “दीपिका, शिकावं लागंल.”

दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या मैदानावर सराव सुरू झाला. सर फेकायचे आणि दीपिकानं सोडायचं. पहिले दोन दिवस तिला एकदाही जमलं नाही. ती हात मागं बांधून उभी राहायची, आणि नारळ खाली येईपर्यंत हात सुटलेले असायचे.

“सर, सोडावं म्हनलं की कोकरूच दिसतंय,” ती रडवेली होऊन म्हणाली.

सरांनी शिक्षकी अनुभव पणाला लावला. नारळ हवेत गेला की मनात सतराचा पाढा म्हणायचा, अशी युक्ती त्यांनी काढली. चौथ्या दिवशी सतरा साती एकशे एकोणीसला नारळ तिच्या पायाशी पडला. दीपिकानं तो उचलला, त्याची माती पुसली, कुठं लागलं का ते पाहिलं. सर जोरात म्हणाले, “शाब्बास!” आणि तोंड फिरवून उगाच शिट्टी वाजवली.

सातव्या दिवशी बानूबाई शाळेत आल्या.

“सर, पोरीच्या हातनं घरातला तांब्या पडायलाय, परात पडायलीय. तुमी शिकवायलाव का इसरवायलाव?”

“प्रवेश होऊ द्या, बानूबाई. तिथं पुन्हा झेलायला शिकवतेत.”

हेही त्यांना खरंच वाटत होतं.

आठव्या दिवशी परभणीत दहातले चार सुटले आणि दीपिका निवड यादीत पहिली आली. शेरा होता, ‘अत्यंत होतकरू. सुधारणेस भरपूर वाव.’ महाविद्यालयानं तिची चित्रफीत काढली. तीत नारळ अत्यंत संथ गतीनं, पार्श्वसंगीतासह, तिच्या बोटांतून निसटत होता. तालुक्यातल्या झाडून सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर ती फिरली. लोकांनी अंगठे दाखवले, हात जोडले, फुलं टाकली. एकानंही विचारलं नाही की नारळ खाली का पडला.

वसतिगृहात खोली मिळाली, बी.ए.चा प्रवेश झाला, आणि तिच्या नावाचा प्रगती आलेख क्रीडा विभागाच्या भिंतीवर लागला. त्यावर पुढच्या तीन वर्षांची प्रगती आधीच काढून ठेवली होती. जुलैत दहापैकी सहा झेल, नोव्हेंबरात सात, आणि दहा थेट तिसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीत. सप्टेंबरात एकदा तिनं सलग नऊ झेलले, तेव्हा प्रा. योगीराजांनी तिला कार्यालयात बोलावलं.

“एवढी घाई बरी नाही,” ते कळकळीनं म्हणाले. “आलेख मोडतो. पुढच्या वर्षी काय दाखवायचं मग?”

नोव्हेंबरात स्पर्धा झाली. संघ दोनच आले होते, त्यामुळे पहिला सामना तोच अंतिम सामना ठरला. धम्मानंद सर किरकोळ रजा टाकून आले होते. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा दीपिकाचा संघ एकाच झेलानं मागं होता. तिच्या संघातल्या मुलीनं चेंडू उंच फेकला. तो स्वतःभोवती फिरत, ऊन अंगावर घेत खाली येऊ लागला. खाली दीपिका एकटी होती. आजूबाजूला वीस पावलांत कुणी नव्हतं.

तिनं वर पाहिलं. मग बाजूच्या रेषेवर उभ्या दोन्ही सरांकडं पाहिलं.

“सर,” ती ओरडली, “ह्यो धरायचा का सोडायचा?”

प्रा. योगीराजांनी घाईघाईनं आलेखाची प्रत उघडली. नोव्हेंबरचे सात झेल झाले होते की सहाच, यावर त्यांचं बोट अडलं. धम्मानंद सरांच्या तोंडात शिट्टी होती. तेवढ्यात चेंडू गवतावर पडला, दोनदा उडाला आणि थांबला.

सामना संपल्यावर दीपिका बूट काढून कडेला बसली होती. सर जवळ गेले.

“रागावू नका, सर,” ती म्हणाली. “हात उचलत व्हते. पर आदी इचारावं वाटलं.”

सरांनी शिट्टी खिशात टाकली. त्यांनी एसटीची वेळ झाल्याचं सांगितलं आणि निघाले.

दोन संघांत हरल्यामुळे महाविद्यालयाला रौप्यपदक मिळालं. प्रगती आलेख मूल्यांकन समितीला अतिशय आवडला. संपूर्ण विभागात इतकी नियोजित प्रगती दुसरीकडं आढळली नाही, असं समितीनं लिहून दिलं. महाविद्यालयाची श्रेणी दोन पायऱ्यांनी वाढली. फाटकावर मोठा फलक लागला. त्यावर दीपिकाचे दोन्ही हात वर होते आणि चेंडू चौकटीच्या बाहेर होता.

जूनमध्ये प्रवेशाची रांग त्या फलकाखालून रस्त्यापर्यंत आली. धम्मानंद सरही स्वतःच्या मुलीला, साक्षीला घेऊन उभे होते. पुढं चुडाव्याचे किशनराव होते. त्यांनी मागं वळून विचारलं, “गुरुजी, तुमच्या शाळंची पोरगी हितं हाय म्हन्तेत. कसंय हो कालिज? खरं सांगा.”

सरांनी फलकाकडं पाहिलं. साक्षीकडं पाहिलं. रांग एक पाऊल सरकली होती आणि मागचे लोक ढकलत होते.

“श्रेणी लय चांगली हाय,” ते म्हणाले.

किशनरावांचं समाधान झालं. सरांच्या लगेच मागं तुम्ही उभे होता. तुम्हीही ते ऐकलंत, मान डोलावलीत आणि अर्ज भरायला सरांकडं पेन मागितलंत.