दोन जावा, दोन गोळ्या

थोरलीला ब्लडप्रेशर निघालं आणि मुलाने त्याच संध्याकाळी फर्मान काढलं. "आई, गच्चीवरची खोली बंद. शिलाई मशीन विकून टाकू. तू खाली काकूजवळ राहा. या वयात जिने कशाला?"

त्या खोलीत बसून थोरलीने अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले होते. मशीन विकायचं या विचारानेच तिला जेवण जाईना. शेवटी तडजोड झाली. सहा महिने औषध घ्यायचं, मग रक्तवाहिन्यांची तपासणी. त्या कडक निघाल्या तर खोली गेलीच म्हणून समजा.

धाकट्या जावेला प्रेशर आधीपासून होतं, त्यामुळे या विषयात आपण सीनियर, असा तिचा समज.

"ताई, तुमची गोळी नुसतं पाणी काढते. माझी रक्तवाहिन्या सैल करते."

"सैल झालेलं बदलावं लागतं," थोरली म्हणाली. "इलास्टिकचं मला शिकवू नकोस."

झालं, जुंपली. प्रेशरचं यंत्र तळमजल्यावर, धाकटीकडे. थोरली खाली येऊन मोजायची, आकडा ऐकवायची आणि ताठ मानेने वर जायची. धाकटीचा आकडा त्याहून कमी आला की ती धापा टाकत गच्चीवर हजर. एकदा तर पुराव्यासाठी यंत्रच उचलून वर नेलं आणि पोचल्या पोचल्या दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून तिचं तोंड एवढंसं झालं.

"तुझी गोळी जिन्यातच सांडली वाटतं," थोरली म्हणाली.

मग मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचा नियम झाला. ती पाच मिनिटं नियम कोणी मोडला यावर भांडण्यात जायची आणि दोघींचेही आकडे चढायचे. की पुन्हा फेरमोजणी, पुन्हा जिने.

तपासणीचा दिवस उजाडला. मागे राहायला नको म्हणून धाकटीनेही आपलं नाव नोंदवलं होतं. मुलाने मशीनला गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं. हातापायांना पट्टे बांधले तशी थोरलीने डोळे मिटून घेतले.

"वयाच्या मानाने रक्तवाहिन्या छान लवचीक आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोघींच्याही."

"म्हणजे जिंकली कोणाची गोळी?" धाकटीला राहवेना.

"जिला जी मानवली ती तिची. दोन्ही चालू ठेवा. पण हे एकट्या गोळीचं काम नाही. दिवसभर करता काय तुम्ही?"

"जिने चढतात आणि भांडतात," मुलगा वैतागून म्हणाला.

"भांडण कमी करा. जिने मात्र सोडू नका."

थोरलीला रडू आणि हसू एकदमच आलं. धाकटीने तिचा हात घट्ट धरला. लग्न होऊन आल्यापासून दोघी पहिल्यांदाच एका बाजूला होत्या.

"पण डॉक्टर, गिऱ्हाईकाला मी शब्द दिलाय," मुलगा लालबुंद होऊन म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही बसा जरा," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या दंडाला पट्टा बांधला. त्याचा आकडा दोघींच्याही वर गेला. पुन्हा मोजला, तरी तोच. घरी परतताना त्याच्या खिशात तिसरीच गोळी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गोळीसाठी सगळा तळमजला पालथा घातला. काकूने वर बोट दाखवलं. गच्चीवरची मशीनची घरघर थांबली आणि आईचा आवाज आला, "माझ्याकडे आहे. ये चढून."