पाहुण्यांसाठी बेचाळीस सूचना

“गावाचो नकाशो काढूक सांगलंय, तर ह्या शाण्यान समुद्रच सोडल्यान!”

विठोबा मास्तरांचा हा आवाज चाळीस वर्षांनंतरही माझ्या कानात वाळूच्या कणासारखा खुपतो. त्याच दिवशी मी शपथ घेतली, की यापुढे माझ्या कुठल्याही कागदात काहीही सुटणार नाही!

म्हणूनच आचऱ्याची खाडी ओलांडली की लागणाऱ्या आमच्या गावात आंतरराष्ट्रीय लोकगीत परिषद ठरली, तेव्हा परदेशी पाहुण्यांचं प्रवासपत्रक मीच लिहिलं. बेचाळीस सूचना! सूचना एक: विमानातून उतरल्यावर फोन सुरूच करू नका, समुद्र ऐका. सूचना सात: वाट कुणालाही विचारा. सूचना बारा: दार लोटलेलं असेल तर ढकलून आत या, आमच्याकडे कडी वाजवत नाहीत. सूचना एकोणीस: माडाखाली उभं राहून चिंतन करू नका.

हा सगळा खटाटोप माझ्या निबंधासाठी! ‘तीनशे वर्षांपूर्वीच्या जात्यावरच्या ओव्या’. बायको सत्यवतीला तिच्या आजीकडून आलेल्या, आणि मी वीस वर्षं तिच्या मागे बसून वहीत टिपलेल्या. हंगेरीच्या विदुषी डॉ. इलोना यांनी होकारार्थी मान हलवली, की तिकडे माझं पुस्तक निघणार होतं.

एवढ्यात ग्रामदेवाने कौल दिला. गावपळण! म्हणजे दर तीन-चार वर्षांनी अख्खा गाव, गुरांसकट नि कोंबड्यांसकट, तीन दिवस वेशीबाहेर झोपड्यांत राहायला जातो. गावात चूलसुद्धा पेटत नाही, की कुणी पाऊल टाकत नाही. आणि दिवस कुठले? नेमके परिषदेचे!

“देवाक इचारा मां, चार दिस फुडे जमात काय?” मी देवळात अजिजीने म्हटलं.

“तूच इचार,” गावप्रमुख सत्यवान भाई म्हणाले. “बेचाळीस सूचना लिवलंस, त्रेचाळीसावी देवाक लिव!”

मी ताबडतोब दुरुस्तीची मेल पाठवली. पण पाहुणे पडले आज्ञाधारक. फोन बंद!

ठरल्या सकाळी खाडीच्या अलीकडच्या आमच्या झोपड्यांपासून बघतो, तर पलीकडे रिकाम्या गावात आठ पाहुणे चाकांच्या पेट्या ओढत घरोघर शिरतायत! प्रत्येक ओस ओटीवर हात जोडून “नमस्कार!”

“इलोनाबाई, बाहेर या!” मी बोंब ठोकली.

पलीकडून पुस्तकी मराठी आली, “महोदय, आम्ही सूचना सातचे पालन करीत आहोत! परंतु कुणीही उपलब्ध नाही!”

“अहो, इकडे या!”

“क्षमस्व! सूचना तेहतीस म्हणते, ओरडून बोलावणाऱ्याकडे लक्ष देऊ नये!”

मीच लिहिली होती. रिक्षावाल्यांसाठी!

मी तरातरा पुलावर निघालो, तर भाईंनी मागून सदरा धरला. “खंय चललंस? देवाचो रखवालदार फिरता थंय. तो तुजां पत्रक वाचूचो नाय!”

माझं पुस्तक पलीकडे दारं ढकलत फिरत होतं आणि मी अलीकडे खुंटाला बांधलेल्या रेड्यासारखा!

“ढोल वाजवा,” सत्यवती शांतपणे म्हणाली. “माणसां आवाजाक येतत, कागदाक नाय.”

भाईंनी ढोल बडवला. पाचव्या मिनिटाला आठही विद्वान पेट्या खडखडवत पूल उतरून हजर!

परिषद झोपडीपुढच्या सारवलेल्या जमिनीवर, कोंबड्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. मी घसा साफ करून निबंध सुरू केला. इलोनाबाई मान हलवत होत्या. मान हलत होती हो! मागे चुलीपाशी सत्यवती भाकरी थापता थापता गुणगुणत होती,

“पयली माजी ओवी गो, चाकांच्या पेटयेक,
गोरी सोयरी इली गो, रित्या गावाच्या भेटीक…”

हलणारी मान थांबली. “महोदय, ही ओवीसुद्धा तीनशे वर्षांची?”

“छे छे! ही आत्ता कायतरी जुळवलीय तिने…” आणि माझी नजर हातातल्या वहीवर गेली. चाल तीच. यमकाचा हेलकावा तोच. वहीतल्या साडेचारशे ओव्यांचा!

सगळी परिषद चुलीकडे वळली. सत्यवतीने आधी भाकरी उलटली.

“आजयेक खंय ओवी येय होती? ती नुसती कोंबड्यांक गाळी घाली,” ती म्हणाली. “ह्यो सगळ्यो माझ्यो. पण माझ्यो म्हणान सांगलं असतंय, तर तुमी वही घेवन बसले असतास काय?”